इस्त्री कोण करतं?

"घरात इस्त्री कोण करतं?"

डॉक्टरबाईंनी हे विचारलं तेव्हा मी एक हात डोक्यावर धरून, काख उघडी करून त्यांच्यापुढे स्टुलावर बसले होते. साबण बदलला का, नवीन औषध चालू आहे का, डिओडरंट कुठलं, हे प्रश्न येणार म्हणून त्यांची उत्तरं वाटेतच जुळवून ठेवली होती. इस्त्रीचं काही जुळवलं नव्हतं. चाळिशी उलटलेल्या नोकरदार बाईला असलं काही विचारलं की ती आधी प्रश्नातला टोमणा शोधते, मीही शोधला. "कोणी नाही करत," मी जरा फणकाऱ्यातच म्हणाले, "माझ्या कपड्यांना इस्त्री लागतच नाही." "हं, तेच हवं होतं," असं म्हणत त्यांनी दिवा आणखी जवळ ओढला. "काखेचा खळगा बघा तुमचा, अगदी स्वच्छ आहे. डिओडरंटचं असतं तर पहिल्यांदा तिथे उठलं असतं. तुमचं सगळं कडेकडेने आहे."

खरंच तसं होतं. घरी आल्यावर आरशासमोर नीट पाहिलं. काखेच्या मध्यभागी नितळ कातडी आणि तिच्या पुढच्या-मागच्या घडीवर, बाहीची शिवण दिवसभर घासते तिथे, लालसर खरखरीत चट्टे. नख लागलं की त्यावर बारीक पाणीदार पुटकुळ्या यायच्या. मानेला कॉलर टेकते तिथे तेच, गुडघ्यामागच्या वळणात तेच, मांड्यांच्या आतल्या बाजूला तेच. आतल्या कपड्यांनी झाकलेला भाग मात्र कोरा करकरीत. आजवर ह्या खाजेला उन्हाळा, वय, हार्मोन, मनावरचा ताण अशी बरीच नावं मिळाली होती. खाज हा प्रकारच अवघड. पाठ दुखते म्हटलं की चार जण उपाय सांगतात. खाज सुटते म्हटलं की तेच चार जण अर्धं पाऊल मागे सरकतात. मीटिंगमध्ये मी हाताची घडी घालून बसायला लागले होते आणि त्या घडीच्या आड अंगठ्याने हळूच घासायचे. लोकांना वाटायचं, बाई फार ठाम आहे.

पण डोक्यात राहिला तो इस्त्रीचाच प्रश्न.

इस्त्री म्हटलं की मला आई आठवते, आणि आईच्याही आधी तिचा डावा हात. वाटीतल्या पाण्यात बोटं बुडवून ती कापडावर शिंपडायची. थेंबांचे गडद ठिपके पसरायच्या आत त्यांवरून इस्त्री फिरायची, चर्र आवाज यायचा आणि तापलेल्या सुताचा तो थोडा करपट, थोडा गोडसर वास सगळ्या खोलीत भरायचा. आम्ही मुलं ताज्या, गरम घड्यांना गाल लावून बसायचो. आईला त्यात काही गंमत वाटत नसावी. तिच्या एका बाजूला चुरगळलेल्या कपड्यांचा ढीग असायचा आणि दुसऱ्या बाजूला घड्यांचा, आणि सुटीची दुपार पहिल्या ढिगातून दुसऱ्या ढिगात जायची. मी मोठी झाले की असलं काही करणार नाही, हे मी तेव्हाच ठरवून टाकलं होतं. न चुरगळणारे शर्ट, न चुरगळणाऱ्या पँटी, न चुरगळणाऱ्या चादरी हे सगळं त्या निश्चयातून घरात आलं, आणि दोरीवरून काढून तसाच अंगात चढवलेला कडक शर्ट घालताना मला दर वेळी सुटल्यासारखं वाटायचं. ते सुख खरं होतं, हे आधीच सांगून ठेवते.

आई पाणी का शिंपडायची, ह्याचा विचार मात्र कधी केला नव्हता. सुती धागा म्हणजे सेल्युलोजच्या लांबच लांब साखळ्या. शेजारशेजारच्या साखळ्या हायड्रोजनच्या नाजूक बंधांनी एकमेकींना धरून असतात. पाणी लागलं, घाम आला की हे बंध सुटतात, साखळ्या सरकतात, आणि मग कापड ज्या अवस्थेत वाळेल त्या अवस्थेत नवे बंध जुळतात. खुर्चीत तासभर बसून उठलं की मांडीखालची चुणी पक्की झालेली असते ती त्यामुळे. आई हेच उलट्या बाजूने करायची. पाण्याने बंध सोडवायचे, उष्णतेने आणि दाबाने साखळ्या सरळ करायच्या, सरळ असतानाच वाळवायच्या. पुढचा घाम येईपर्यंत तिचं काम टिकायचं.

ते कायमचं टिकवायचं तर पाण्याला दाद न देणारे बंध हवेत. 1920च्या दशकात मँचेस्टरच्या टूटल ब्रॉडहर्स्ट ली ह्या कापड कंपनीतल्या रसायनतज्ज्ञांनी ती युक्ती शोधली: युरिया आणि फॉर्माल्डिहाइड ह्यांचं रेझिन, म्हणजे राळेसारखं रसायन, धाग्याच्या आत मुरवायचं आणि तापवून तिथेच पक्कं करायचं. पुढे नायलॉन, पॉलिस्टर आलं, ते धुऊन झटकलं की सरळ, आणि सुती कापड मागे पडायला लागलं. तेव्हा अमेरिकेच्या कृषी खात्याच्या न्यू ऑर्लिन्समधल्या प्रयोगशाळेत कापसाला त्या शर्यतीत टिकवण्यासाठी पुष्कळ काम झालं. त्यातून पुढे जे रसायन जगभर रुळलं त्याचं आखूड केलेलं नावसुद्धा डीएमडीएचईयू असं आहे. लांब नाव मी एकदा वाचलं आणि सोडून दिलं. तेही फॉर्माल्डिहाइड वापरूनच बनतं. कापड त्याच्या द्रावणात बुडवायचं, पिळायचं, वाळवायचं आणि 150 अंश सेल्सिअसच्या आसपास तापवायचं, की शेजारशेजारच्या साखळ्यांमध्ये शिडीच्या पायऱ्यांसारखे आडवे दुवे बसतात. मग कापड दुमडलं तरी ते दुवे त्याला ओढून पुन्हा जाग्यावर आणतात. त्याची किंमत कापड स्वतःही मोजतं: आडव्या दुव्यांनी जखडलेला धागा ताण आला की सरकून घेऊ शकत नाही, तुटतो. माझे शर्ट बाहीच्या काठाशी आणि कॉलरच्या दुमडीवर आधी का विरायचे, त्याचं उत्तर असं आडवाटेने मिळालं.

न्यू ऑर्लिन्सच्या त्या कामाशी जोडलं गेलेलं सगळ्यात ठळक नाव एका बाईचं आहे, रूथ बेनेरिटो. रसायनशास्त्रातली डॉक्टरेट, नावावर 55 पेटंट, 2013 मध्ये वयाच्या 97 व्या वर्षी वारल्या. आपण एकटीने हा शोध लावला असं कोणी म्हटलेलं त्यांना आवडत नसे. त्यांच्याबद्दल वाचताना मला राग यायला हवा होता, निदान त्या दिवसांत तरी, कारण वाचतानाही माझी मान खाजत होती. आला नाही. आईच्या त्या दोन ढिगांमधल्या दुपारी डोळ्यांपुढे आल्या. जगभरच्या किती बायकांच्या किती दुपारी ह्या एका रसायनाने मोकळ्या केल्या असतील, त्याचा हिशोब कोणी मांडलेला नाही. पुरळ मोजता येतं.

ते दुवे कायमचे म्हणून बसवलेले, पण तसे कायमचे नसतात. काही फॉर्माल्डिहाइड मुळात जोडलंच गेलेलं नसतं. ते कापडात सुटं राहतं आणि धुण्यात बरंचसं निघून जातं. जोडलं गेलेलंही ओलाव्याने आणि उष्णतेने हळूहळू सुटत राहतं, वर्षानुवर्षं. आता ओलावा, ऊब आणि घर्षण ह्या तिन्ही गोष्टी एकत्र कुठे मिळतात? बाहीच्या शिवणीपाशी, कॉलरखाली, गुडघ्यामागे. डॉक्टरबाईंनी दिव्याखाली जे वाचलं ते हे. मी दिवसभर ज्या गोष्टीची लाज धरून बसले होते ती त्यांना जवळजवळ छापील अक्षरांत दिसत होती.

फॉर्माल्डिहाइडशी माझी ओळख जुनी, बहुतेकांची असते तशी. शाळेच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत वरच्या फळीवर काचेच्या बरण्या होत्या. पिवळसर पाण्यात एक बेडूक, एक साप, आणि चिठ्ठी पुसली गेल्यामुळे काय आहे ते कोणालाच माहीत नसलेलं काहीतरी. एका बरणीचं झाकण सैल होतं आणि त्या कोपऱ्यात उभं राहिलं की डोळ्यांच्या कडा चुरचुरायच्या, नाकात वरपर्यंत काहीतरी टोचायचं. तेच फॉर्मलिन, म्हणजे पाण्यात विरघळवलेलं सुमारे 37 टक्के फॉर्माल्डिहाइड. ते मांस कुजू देत नाही कारण प्रथिनांना घट्ट धरून त्यांची रचना बदलून टाकतं. कपड्यातलं प्रमाण त्याच्या पासंगालाही पुरत नाही, आणि कोऱ्या कपड्याच्या ज्या वासावर आपण खूश असतो त्यात इतर शेकडो गोष्टी असतात. हे रसायन आजच्या शर्टात बहुधा नाकाला कळतही नाही. पण कातडीत शिरल्यावर ते करतं तेच, प्रथिनांना जाऊन चिकटतं. मग शरीराच्या पहारेकऱ्या पेशींना ते प्रथिन आपलं वाटेनासं होतं. एकदा त्यांनी ते परकं म्हणून नोंदवलं की ती नोंद सहसा जन्मभर पुसली जात नाही. गंमत म्हणजे आपलं शरीर स्वतःही फॉर्माल्डिहाइड तयार करतं. रक्तात ते लिटरमागे 2 ते 3 मिलिग्रॅम कायम असतं. घरच्याचं चालतं, बाहेरून आलेलं खपत नाही.

नोंद जुनी असली तरी पेशी जमून चट्टा उठायला दिवस-दोन दिवस लागतात, कधी तीन. हीच ह्या दुखण्याची सगळ्यात मोठी लबाडी. मधमाशी चावली की आपण मधमाशीकडे बघतो. इथे सोमवारी घातलेला शर्ट बुधवारी बोलतो आणि बुधवारी अंगावर दुसरंच काही असतं. मग संशय त्या दुसऱ्यावर, नाहीतर मंगळवारी रात्री जेवलेल्या कशावर तरी.

म्हणून पॅच टेस्ट. 1895 मध्ये योसेफ याडासोन ह्या त्वचारोगतज्ज्ञाने ही पद्धत पहिल्यांदा मांडली आणि आजही ती मुळात तशीच आहे: संशयित पदार्थ थोडा थोडा घेऊन कातडीला लावायचा आणि वाट पाहायची. माझ्या पाठीवर चिकटपट्ट्यांच्या रांगा लागल्या, प्रत्येक पट्टीवर छोट्या वाट्या, प्रत्येक वाटीत एक आरोपी. निकेल, अत्तरं, रबरातली रसायनं, कपड्यांचे रंग. 48 तास पट्ट्या काढायच्या नाहीत, पाठ भिजवायची नाही, घाम येईल असं काही करायचं नाही. उशीवर पालथं पडून मी माझ्याच पाठीकडे कान लावून होते. माझी पैज निळ्या रंगांवर होती, डिस्पर्स ब्लू 106 आणि 124, कारण कपड्यांच्या ॲलर्जीत हे दोघे फार वरच्या नंबरचे गुन्हेगार आहेत आणि माझ्या कपाटात गडद निळं फार. पट्ट्या काढल्यावर पहिलं वाचन झालं, मग दोन दिवसांनी दुसरं. निळे दोघेही निर्दोष सुटले. फॉर्माल्डिहाइडच्या जागेवर रुपयाएवढा लाल, फुगलेला, खडबडीत गोल होता. बाईंनी फोनवर फोटो काढून दाखवला. मी तो फोटो मोठा करून पुन्हा पुन्हा पाहिला. एखाद्या माणसाने आपल्या आजारावर इतकं खूश होऊ नये, पण मी झाले. मनाचे खेळ नव्हते तर ते.

घरी येताना हातात वाचायची नावं लिहिलेला कागद होता. क्वाटर्नियम-15, डीएमडीएम हायडँटॉइन, इमिडाझोलिडिनिल युरिया, डायझोलिडिनिल युरिया, ब्रोनोपॉल. ही टिकवण्यासाठी घातलेली द्रव्यं, शाम्पूंत आणि क्रीममध्ये सापडणारी, आणि हळूहळू फॉर्माल्डिहाइड सोडणारी. न्हाणीघरातल्या बाटल्या उलट्या करून मी बारीक अक्षरं वाचली, दोन बाटल्या कचऱ्यात गेल्या, अर्ध्या तासात काम संपलं. मग कपाट उघडलं. शर्टाच्या आतल्या लेबलवर काय असतं? धागा कुठला, किती टक्के, किती अंशाच्या पाण्यात धुवायचं, ब्लीच चालेल की नाही, इस्त्रीच्या चित्रावर फुली. शंभर टक्के कापूस म्हणजे शंभर टक्के कापूस. त्यात मुरवलेलं रेझिन कुठल्या टक्क्यात बसतं, ते लेबलला विचारायची सोय नाही. पाच मिनिटांत धुऊन टाकायच्या शाम्पूची जन्मकुंडली बाटलीवर छापलेली आणि बारा तास अंगाला चिकटून राहणाऱ्या शर्टाबद्दल एवढं मौन. मला सगळ्यात जास्त राग आला तो इथे.

कायदे काही ठिकाणी आहेत, आणि ते वाचताना मर्यादा कशी ठरते ह्याचं कुतूहल वाटत राहतं. जपानने 1973 मध्येच घरगुती वस्तूंमधल्या घातक द्रव्यांसाठी कायदा केला. त्याखाली दोन वर्षांच्या आतल्या बाळांच्या कपड्यांत फॉर्माल्डिहाइड जवळपास सापडताच कामा नये, आणि मोठ्यांच्या आतल्या कपड्यांत 75 पीपीएमच्या, म्हणजे दहा लाखांत 75 भागांच्या, वर नको. युरोपीय संघाने कपड्यांसाठी 75चाच आकडा 1 नोव्हेंबर 2020 पासून लागू केला. अमेरिकेत कपड्यांसाठी अशी देशपातळीवरची मर्यादा नाही. तिथल्या सरकारी लेखापरीक्षकांनी 2010 मध्ये 180 वस्तू तपासून घेतल्या तेव्हा 10 वस्तू इतर देशांतल्या सगळ्यात कडक मर्यादांच्या वर निघाल्या, आणि त्यातल्या बऱ्याचशा न चुरगळणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या होत्या. साठ-सत्तर वर्षांपूर्वी कापडात हे प्रमाण हजारो पीपीएम असायचं. त्या मानाने आजचा काळ सुखाचा म्हणायचा. 75 पीपीएम म्हणजे किलोभर कापडात 75 मिलिग्रॅम; माझा शर्ट 200 ग्रॅमचा धरला तर 15 मिलिग्रॅम.

ते मोजतात कसं, हे वाचून मला फार बरं वाटलं, कारण ते अगदी घरगुती निघालं. ग्रॅमभर कापडाचे बारीक तुकडे करून 100 मिलिलिटर पाण्यात टाकायचे, 40 अंशांवर तासभर ठेवायचे, पाणी गाळून त्यात एक द्रव्य घालायचं. फॉर्माल्डिहाइड असेल तर पाणी पिवळं होतं, जितकं जास्त तितकं गडद. दुसऱ्या एका पद्धतीत कापड बंद बरणीत पाण्याच्या वर टांगून 49 अंशांवर 20 तास ठेवतात आणि खालच्या पाण्यात किती उतरलं ते बघतात. गरम, दमट, बंद जागेत दिवसभर टांगलेलं कापड. गर्दीच्या वेळी प्रवासात उभी असलेली मी त्याहून वेगळं काय करते?

आईला फोनवर सगळं सांगितलं. तिने रेझिन, साखळ्या, जपान हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग नवं कापड पाण्यातून काढल्याशिवाय घालू नका म्हणत होते, ते काय उगाच? कोऱ्या कापडाला खळ असते, ती बाधते." खळ वेगळी आणि हे वेगळं, असं मी सांगायला लागले, पण तिचं अर्धं तरी बरोबर होतं: सुटं फॉर्माल्डिहाइड धुण्यात जातं, आणि ज्याला ॲलर्जी झालेली नाही त्याच्यासाठी एवढी काळजी पुष्कळ झाली. उरलेलं अर्धं, जे रेझिनमधून झिरपत राहतं, ते माझ्यासारखीच्या वाट्याला. "आणि आता इस्त्री करणार का तू?" तिने विचारलं. आवाजात जरा जास्तच आनंद होता.

शर्ट भाचीला देऊन टाकले. आधी मनात आलं, आपल्याला बाधलं ते पोरीला कसं द्यायचं. पण बहुतेक लोकांना ह्याचं काहीच होत नाही, हेही तितकंच खरं आहे. माझ्या कातडीने केलेली नोंद तिच्या कातडीत नाही. तिला सगळं सांगितलं, तिने खांदे उडवले, सगळे उचलले. मस्त दिसतात तिला. मी मात्र बाहेरगावी जाताना स्वतःची उशीची खोळ आणि जुनी, शंभरदा धुतलेली चादर घेऊन जाते, कारण पाहुण्यांच्या खोल्यांतल्या त्या पांढऱ्याशुभ्र, एकही चुणी नसलेल्या चादरी बघितल्या की हल्ली मला प्रसन्न वाटण्याऐवजी त्यांची चौकशी करावीशी वाटते.

ह्या सगळ्यात मन जिथे अडतं ती जागा मात्र माझी काख नाही. अमेरिकेतल्या तीन कपडे शिवायच्या कारखान्यांमधल्या सुमारे 11,000 कामगारांवर तिथल्या सरकारी संस्थेने अनेक वर्षं लक्ष ठेवलं होतं. हे कामगार अशाच प्रक्रिया केलेल्या कापडात दिवसभर काम करायचे. 2004 मध्ये आलेल्या निष्कर्षांत एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगाने झालेले मृत्यू अपेक्षेपेक्षा जास्त निघाले. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्माल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या गटात टाकलं. हा धोका श्वासावाटे छातीत जाणाऱ्या वाफेचा, शर्ट घालणाऱ्याचा नव्हे. कोऱ्या कापडाचे ठोकळेच्या ठोकळे फोडायचे, कापायचे, दाबायचे, आणि डोळे चुरचुरत असताना पुढचा गठ्ठा घ्यायचा. आमच्या घरातली इस्त्री बंद झाली तेव्हा ती वाफ कुठल्या तरी दुसऱ्या खोलीत गेली होती, आणि त्या खोलीतही बहुतेक बायकाच बसलेल्या होत्या.

हल्ली कपडे घेताना मी बाही मुठीत धरते, दहापर्यंत मोजते आणि सोडते. चुरगळलेली राहिली तर ट्रायल रूमकडे. मागच्या खेपेला काउंटरवरची मुलगी माझी मूठ बघून उत्साहाने पुढे आली. "बिनधास्त दाबा मॅडम, ह्याला काही होत नाही," म्हणत तिने स्वतःच दुसरी बाही पिळून दाखवली. बाही लगेच सरळ झाली. मी म्हटलं, "चुरगळणारा दाखवा ना एखादा." तिला वाटलं ऐकण्यात चूक झाली. मी पुन्हा म्हटलं. मग तिने आत हाक मारली, "दादा, चुरगळणारं काही आहे का आपल्याकडे?"

आतून बराच वेळ काही नाही. मग आवाज आला, "आहे, पण ते सेलमध्ये लावलंय. जात नाही ते."